‘आज पाणी?’ : सगळ्यांना वापरता येईल असं मोबाइल ॲप सरावातून शिकताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिकायचं म्हणून मी एक छोटं ॲप बनवलं. दिसत नसलेल्या, ऐकू न येणाऱ्या किंवा हात थरथरणाऱ्या माणसालाही ते पहिल्या दिवसापासून वापरता यावं, हे तेव्हाच ठरवलं होतं. तेव्हापासून ज्युनिअर, वर्गमैत्रिणी आणि नोकरी शोधणारी मुलं मला साधारण तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत. ज्या प्रश्नात मी स्वतः खूप अडखळले तिथे उत्तर लांबलं आहे.

हे ॲप नेमकं काय करतं?

एकच काम करतं. तुमच्या गल्लीत आज नळाला पाणी सुटणार का, आणि सुटणार असेल तर किती वाजता, एवढं सांगतं. पडदे तीन आहेत: आजचा, पुढच्या सात दिवसांचा आणि भाग निवडायचा. लॉगिन नाही, जाहिरात नाही, नकाशा नाही. माहिती मी हातानेच भरते. पाणी सुटायची पाळी बदलली की गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहितंच.

सरावासाठी पाण्याचाच विषय का घेतला?

मी लातूरची आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आमच्या शहरात पाणी आलं. पहिल्या गाडीला टाकीच्या दहा वाघिणी होत्या आणि त्यात मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. मी तेव्हा शाळेत होते. ‘पाणी कधी?’ हा प्रश्न आमच्या घरात आजीपासून माझ्या धाकट्या भावापर्यंत सगळेच विचारतात, आणि मला तसाच विषय हवा होता.

सरावासाठी बहुतेक जण जेवण मागवायच्या किंवा टॅक्सीच्या ॲपची नक्कल करतात. मला हे पटत नाही. तो वापरणारा माणूस तुम्ही कधी पाहिलेला नसतो, त्यामुळे तो नेहमी तुमच्यासारखाच तरुण, चष्मा नसलेला आणि नवा फोन असलेला निघतो. त्यापेक्षा गावच्या वाचनालयाची पुस्तकांची नोंद, दुधाच्या रतीबाचा हिशेब, बचत गटाची वही किंवा एसटीच्या सुटण्याच्या वेळा घ्या. वापरणाऱ्यांचे चेहरे तुम्हाला माहीत असतील असा कुठलाही विषय चालेल.

ॲक्सेसिबल म्हणजे अंधांसाठीच ना?

नाही. ॲक्सेसिबल म्हणजे कुठलीही अडचण असलेल्या माणसाला वापरता येणारं. पण अंधांपुरताच हा समज इतका पक्का आहे की थोडं सविस्तर सांगते.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यात दृष्टीची अडचण असलेले सुमारे ५० लाख होते, म्हणजे पाचातला एकही पुरता नाही. बाकीच्यांच्या अडचणी ऐकण्याच्या, हालचालीच्या, आकलनाच्या किंवा एकाहून जास्त प्रकारच्या होत्या. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्याने ते २१ केले.

माझ्या ॲपपुरतं पाहिलं तर यादी आणखी लांबते. पाणी भरताना हात ओले असतात आणि ओल्या बोटाचा स्पर्श फोनला नीट कळत नाही. आई चष्मा आत ठेवून अंगणात येते. दुपारच्या उन्हात फिकट अक्षरं कुणालाच दिसत नाहीत. पार्किन्सन्स असलेल्या आजोबांना लागतं तेवढंच मोठं बटण हंडा कडेवर घेतलेल्या बाईलाही लागतं.

सुरुवात कुठून करू, डिझाइनपासून की कोडपासून?

दोन्हींच्या आधी टॉकबॅकपासून. अँड्रॉइडवर पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी ही सोय बहुतेक फोनमध्ये आधीच असते. आयफोनवर तिची जागा व्हॉइसओव्हर घेतो, २००९ च्या आयफोन ३जीएसपासून.

मी आठवडाभर रोज अर्धा तास टॉकबॅकवर फोन चालवला. उजवीकडे स्वाइप केलं की पुढची गोष्ट, डावीकडे केलं की मागची, आणि दोनदा टॅप केलं की ती उघडते. पहिले दोन दिवस चीड येते. तिसऱ्या दिवशी लक्षात येतं की पडदा म्हणजे चित्र नसून एकामागून एक येणारी रांग आहे. हे एकदा बोटांना कळलं की कागदावर पडदा काढतानाच तुम्ही विचारता, या रांगेत पहिलं कोण? ‘आज पाणी?’च्या पहिल्या आराखड्यात रांगेत सर्वांत पुढे होता ॲपचा लोगो, मग मेनू, मग शहराचं नाव, मग तारीख आणि पाचव्या जागी पाणी. मी ते पाणी उचलून पहिल्या जागी नेलं. तेव्हा कोडची एकही ओळ लिहिलेली नव्हती, म्हणून दोन मिनिटांत झालं.

टॉकबॅक चालू केला आणि आता बंदच होत नाही. काय करू?

आवाजाची दोन्ही बटणं एकत्र तीन सेकंद दाबून धरा. हा शॉर्टकट सेटिंगमध्ये आधी सुरू करून घ्या, मगच प्रयोग करा.

बटणांना आणि मजकुराला लेबल कसं लिहायचं?

लेबल म्हणजे टॉकबॅक जे बोलून दाखवतो ते शब्द. सगळ्यांत जास्त मी इथे शिकले, आणि ते कुठल्याही मार्गदर्शिकेत वाचून नाही.

पहिल्या आवृत्तीत एका दिवशी पडद्यावर वाक्य होतं: ‘आज सकाळी साडेसहा वाजता तुमच्या भागात पाणी सुटणार नाही.’ वाक्य शुद्ध आहे आणि डोळ्यांनी वाचणाऱ्याला त्यात काही अडत नाही. आमच्या शेजारच्या काकांची दृष्टी काचबिंदूने गेली आहे. ते टॉकबॅक इतक्या वेगात ऐकतात की मला त्यातला शब्दही लागत नाही. सरावलेला माणूस वाक्य शेवटपर्यंत ऐकत बसत नाही, अर्थ कळला असं वाटलं की बोट पुढे सरकतं. काकांनी ‘आज सकाळी साडेसहा वाजता तुमच्या भागात पाणी’ एवढं ऐकलं आणि ते पुढे गेले. मग हौदाचं झाकण उघडून आठ वाजेपर्यंत नळापाशी बसले. त्यांनी मला हे रागावून सांगितलं नाही, पण ती सकाळ माझ्या वाक्यामुळे वाया गेली होती.

मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. इंग्रजीत तो क्रियापदाजवळ, वाक्याच्या आतच येऊन जातो, म्हणून तिकडच्या मार्गदर्शिकांना या गोष्टीची आठवणही होत नाही. आपल्याला ठेवावी लागते. आता ॲप म्हणतं: ‘पाणी नाही. आज सकाळची पाळी रद्द.’ आणि पाणी असेल तेव्हा: ‘पाणी आहे. आज सकाळी साडेसहा.’ ऐकणारा दुसऱ्या शब्दाला थांबला तरी चुकत नाही. ‘पैसे कापले गेले नाहीत’, ‘फॉर्म जमा झालेला नाही’, ‘तुमचा अर्ज मंजूर होऊ शकला नाही’, अशी वाक्यं ज्या ज्या ॲपमध्ये आहेत तिथे सगळीकडे हाच धोका आहे. तुमचं ॲप पैशांचं असेल तर तो जास्तच.

बाकीच्या गोष्टी लवकर सांगून होतात. लेबलमध्ये ‘बटण’ हा शब्द घालू नका. तो टॉकबॅक स्वतः जोडतो, नाहीतर ‘ताजं करा बटण, बटण’ असं ऐकू येतं. चिन्ह कसं दिसतं ते लिहू नका, ते दाबल्यावर काय होईल ते लिहा: ‘गोल बाण’ नव्हे, ‘ताजं करा’. सजावटीच्या चित्राला लेबलच देऊ नका, ते वगळलं जाईल असं करा. मी तारखेशेजारी हौसेने थेंबाचा इमोजी टाकला होता आणि टॉकबॅक प्रत्येक ओळीत इमानाने त्याचं नाव सांगायचा. सात दिवसांच्या यादीत प्रत्येक ओळ ‘तुमच्या भागात’ने सुरू होत होती, म्हणजे कान सात वेळा तेच ऐकत होता. ते शब्द मी यादीच्या मथळ्यात नेले.

वेळ, तारीख आणि आकडे मराठीत नीट बोलले जातात का?

मजकूर बोलून दाखवणाऱ्या आवाजाच्या इंजिनावर अवलंबून आहे, म्हणून मी ते इंजिनावर सोडलं नाही.

पडद्यावर ‘६:३०’ दिसतं. कानाला मात्र ‘साडेसहा’ हवं, कारण आपण तसंच बोलतो. मी त्यासाठी एक छोटं फंक्शन लिहिलं. वाटलं तितकं सोपं ते नव्हतं. सव्वा, साडे आणि पावणे यांचा नियम सरळ आहे, पण ‘साडेएक’ आणि ‘साडेदोन’ कुणी म्हणत नाही, तिथे दीड आणि अडीच लागतात. १:१५ ला नुसतं ‘सव्वा वाजता’ आणि १२:४५ ला ‘पाऊण वाजता’. ६:४० सारख्या वेळांना ‘सहा वाजून चाळीस मिनिटं’. हे अपवाद आजीसमोर बसून तपासले, कारण माझ्या पिढीतले अर्धे जण ‘वन थर्टी’च म्हणतात.

संक्षेप टाळा. ‘प्र. क्र. ७’ कानाला काहीच सांगत नाही, ‘प्रभाग ७’ सांगतो. ‘ता.’ म्हणजे तालुका की तारीख हे डोळ्यांना आजूबाजूच्या मजकुरावरून कळतं, यंत्राला कळेलच असं नाही. ‘६–८’ मधली आडवी रेघ बऱ्याचदा गिळली जाते आणि ‘सहा आठ’ ऐकू येतं, म्हणून ‘सहा ते आठ’ असंच लिहा.

एक सावधगिरी बाळगा. साध्या मजकुराचं दिसणं आणि बोलणं वेगळं असलं तर चालतं, बटणाचं मात्र चालत नाही. काही जण फोन आवाजाने चालवतात आणि बटणावर जे दिसतं तेच उच्चारतात. बटणावर ‘भाग बदला’ दिसत असेल तर लेबलमध्येही तेच शब्द हवेत.

आवाजाची भाषाही तपासा. फोनवर फक्त इंग्रजी आवाज निवडलेला असेल तर देवनागरी मजकूर गाळला जाऊ शकतो किंवा विचित्र वाचला जाऊ शकतो. मजकूर मराठी आहे हे कोडमधून कळवायची सोय अँड्रॉइड आणि आयओएस दोन्हींवर आहे. ती वापरा आणि मराठी आवाज कसा बसवायचा याच्या चार ओळी मदतीच्या पानावर द्या.

रंग किती गडद हवेत?

जगभर वापरले जाणारे निकष वेब कंटेंट ॲक्सेसिबिलिटी गाइडलाइन्सचे आहेत. त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. नाव वेबचं असलं तरी ॲपसाठीही तेच वापरतात. साध्या अक्षरांचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, किमान ४.५ : १ हवा. मोठ्या अक्षरांसाठी, तसंच चिन्हं आणि चौकटींसाठी ३ : १ पुरतो. पांढऱ्यावर काळा म्हणजे २१ : १, तिथून मोजायला लागा.

डिझाइनच्या मुलांचा लाडका करडा रंग, ९९९९९९ या कोडचा, पांढऱ्यावर जेमतेम २.८५ : १ भरतो, म्हणजे नापास. ७६७६७६ चा ४.५४ : १ भरतो, म्हणजे काठावर पास. मी काठावर राहत नाही, त्याहून गडद घेते, कारण स्वस्त फोनचा पडदा आणि मराठवाड्यातलं ऊन हे त्या गणितात धरलेले नसतात.

मी आधी पाण्याचा दिवस हिरवा आणि कोरडा दिवस लाल ठेवला होता. लाल-हिरवा वेगळा न ओळखणाऱ्याला ते दोन्ही मातकट दिसतात. आता रंग आहेच, पण शेजारी ‘आहे’ किंवा ‘नाही’ हा शब्द आहे आणि चौकट भरलेली किंवा रिकामी आहे. फोन कृष्णधवल करून बघा. तरीही सगळं कळलं तर रंगांचं काम झालं.

अक्षर मोठं केलं की पडदा मोडतो. मोठं करणं बंद करू का?

कृपया करू नका. ते बंद करणं म्हणजे आईला चष्मा काढायला सांगणं. अँड्रॉइड १४ पासून अक्षर २०० टक्क्यांपर्यंत वाढवता येतं. वयस्क माणसं फोन घेतल्या घेतल्या मुलाकडून तेच पहिलं करून घेतात.

मोडतं ते बहुधा उंची आकड्याने बांधून ठेवल्यामुळे. अक्षरांचं माप एसपी या, फोनच्या अक्षर-सेटिंगप्रमाणे वाढणाऱ्या एककात द्या, चौकटींना ठराविक उंची देऊ नका, आणि पडदा नेहमी सरकता ठेवा. शेजारी शेजारी असलेली दोन बटणं जागा अपुरी पडली की एकाखाली एक जायला हवीत.

देवनागरीचं दुखणं निराळं आहे. आपली अक्षरं शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार वाहतात आणि खाली उकार, ऋकार. इंग्रजीसाठी बेतलेली ओळीची उंची आपल्याला पुरत नाही. ‘मूर्ती’तला रफार वरून कापला गेला किंवा ‘मंजूर’चा ऊकार खाली गेला तरी बनवणाऱ्याला दिसत नाही, कारण त्याने चाचणी ‘हॅलो’ लिहून केलेली असते. मी ओळीची उंची अक्षराच्या दीडपटीहून जास्त ठेवते आणि चाचणीसाठी मुद्दाम ‘खुर्द, बुद्रुक, पूर्वीची टाकी, दुसऱ्या गल्लीतली विहीर’ असली ओळ वापरते. टंक (फॉन्ट) मी मुक्ता घेतला. तो मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा आहे, मोफत आहे आणि लहान मापातही जोडाक्षरं स्वच्छ राहतात. नोटो सॅन्स देवनागरीही उत्तम आहे.

मराठी शब्द लांब असतात हेही मोजा. लांबलेला मजकूर तीन टिंबं देऊन कापू नका. ‘पाणी सुटणार…’ याचा अर्थ कुणी काय लावायचा?

बटण किती मोठं ठेवू?

अँड्रॉइडची शिफारस ४८ डीपी रुंद आणि तितकंच उंच, म्हणजे पडद्यावर सुमारे ९ मिलिमीटर. ॲपलची ४४ पॉइंट. माझं मुख्य बटण पडद्याच्या पूर्ण रुंदीचं आहे, ओल्या हातांमुळे. फक्त स्वाइप करून किंवा ओढून होणारं काम असेल तर तेच साध्या टॅपनेही होऊ द्या.

ऐकू न येणाऱ्याला या ॲपमध्ये काय अडचण येणार? ते तर वाचू शकतात.

मलाही आधी तसंच वाटलं होतं. मग आठवलं की आमच्या गल्लीत पाणी सुटल्याचं कळतं ते आवाजाने. नळातून हवा फुसफुसते, शेजारची मोटर लागते, कुणीतरी ओरडतं. ज्याला हे ऐकू येत नाही त्याची पाळी निघून जाते. म्हणून सूचना आवाज, कंपन आणि पडद्यावरचा मजकूर अशा तिन्ही वाटांनी येते. ‘पाणी सुटलं’साठी दोन लांब कंपनं आणि ‘पाळी रद्द’साठी तीन आखूड, म्हणजे फोन खिशात असताना हातालाही कळतं. ही कल्पना रिझर्व्ह बँकेच्या मनी ॲपवरून सुचली. जानेवारी २०२० मध्ये आलेलं ते ॲप नोट ओळखून बोलून सांगतं, आणि ज्यांना ऐकूही येत नाही त्यांच्यासाठी कंपनाने सांगतं.

आणखी एक गोष्ट. भारतीय सांकेतिक भाषेत वाढलेल्या अनेकांसाठी लिखित मराठी ही दुसरी भाषा असते. ‘पाणीपुरवठा खंडित करण्यात येत आहे’ यापेक्षा ‘आज पाणी नाही’ त्यांना बरं, आणि खरं तर सगळ्यांनाच.

कोडमध्ये नेमकं काय करावं लागतं?

मी कोटलिन ही भाषा आणि अँड्रॉइडचे पडदे बनवायचं जेटपॅक कंपोज वापरून लिहिलं. बरीचशी कामं सिमँटिक्स नावाच्या, प्रत्येक घटकाचा अर्थ टॉकबॅकला सांगणाऱ्या एका सोयीतून होतात. चित्राला कंटेंट डिस्क्रिप्शन, म्हणजे बोललं जाणारं वर्णन. एका दिवसाच्या ओळीतले वार, वेळ आणि स्थिती हे तीन तुकडे एकत्र बोलले जावेत म्हणून मर्ज डिसेंडंट्स. मथळ्यांना हेडिंग, कारण सरावलेले लोक मथळ्यांवरून उड्या मारत जातात. चालू-बंद बटणाला स्टेट डिस्क्रिप्शन, म्हणजे ‘सूचना चालू’ असं ऐकू येतं. माहिती ताजी झाली की ते आपोआप बोललं जावं म्हणून लाइव्ह रीजन, पण सौम्य प्रकारचा, बोलणं मध्येच तोडणारा नको.

शक्य तिथे तयार घटकच वापरा. मी एकदा साध्या चौकटीला क्लिक जोडून ‘सुंदर’ बटण बनवलं होतं. दिसायला बटण होतं, टॉकबॅकला ते बटण आहे हे माहीतच नव्हतं.

खाली येऊन नाहीशा होणाऱ्या संदेशांवर महत्त्वाची गोष्ट सोपवू नका. चार सेकंदांत टॉकबॅक तिथपर्यंत पोचतही नाही.

फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्हमध्ये शिकले तर चालेल का?

चालेल. एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोनची ॲप बनवायच्या या दोन्ही साधनांत लेबल, भूमिका आणि स्थिती द्यायची सोय आहे. फक्त तपासणी अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर वेगवेगळी करा, एकावर नीट चाललं म्हणून दुसऱ्यावर चालेल असं गृहीत धरू नका. आयफोन नसेल तर मैत्रिणीचा तासभर मागून घ्या. मी तेच करते.

ॲक्सेसिबिलिटी स्कॅनरने एकही चूक दाखवली नाही. म्हणजे झालं ना?

गूगलचं हे मोफत ॲप जरूर चालवा. फिकट रंग, लहान बटणं, लेबल नसलेली चिन्हं ते चटकन पकडतं. माझ्या पहिल्या आवृत्तीत त्याने अकरा गोष्टी दाखवल्या आणि त्या सगळ्या खऱ्या होत्या. पण लेबल आहे की नाही एवढंच त्याला कळतं, लेबल खरं आहे की खोटं हे कळत नाही. ‘चित्र १’ हे लेबलही त्याच्या लेखी पास. काकांना नळापाशी बसवणारं वाक्य स्कॅनरमधून एकही खूण न पडता गेलं होतं.

अंध व्यक्तीकडून ॲप तपासून घ्यायचं आहे. कसं विचारू? संकोच वाटतो.

संकोच सगळ्यांना वाटतो. सरळ सांगा की मी शिकते आहे, तुमचा एक तास हवा आहे, आणि त्या तासाचे पैसे देईन. पैसे घ्यायचे की नाही हे त्यांनी ठरवावं, तुम्ही गृहीत धरू नका. काकांनी माझ्याकडून पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. दुसऱ्या शहरातल्या एका बाईंनी फोनवरून तपासणी करून दिली, त्यांनी मात्र मानधन घेतलं आणि मला एक लेखी यादी दिली. ती यादी मी अजून जपून ठेवली आहे. ओळखीचं कुणी नसेल तर जवळच्या अंध शाळेत किंवा संस्थेत जाऊन भेटा. मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड आहे, सेंट झेवियर्स महाविद्यालयात दृष्टिबाधितांसाठीचं केंद्र आहे.

बसल्यावर त्यांचाच फोन आणि त्यांचीच सेटिंग असू द्या. तुमच्या फोनचा वेग, आवाज, सगळंच त्यांना परकं असतं. कामं थोडी द्या. मी तीनच दिली होती: तुमचा भाग निवडा, आज पाणी आहे का सांगा, सूचना चालू करा. ‘इथे दाबा’ म्हणू नका. त्यांच्या हातातला फोन ओढून घेऊ नका, हे मुद्दाम सांगते, कारण हात आपोआप पुढे जातो. आधीच सांगून ठेवा की आपण चुका ॲपच्या शोधतो आहोत. मग गप्प बसा. ती शांतता जड जाते, पण त्या शांततेतच कळतं की माणूस कुठे अडला.

काका भाग निवडायच्या यादीत अडले. साठेक नावं, क्रम मी प्रभागांप्रमाणे लावलेला. डोळ्यांनी चार सेकंदांचं काम त्यांना तीन मिनिटं लागलं. क्रम वर्णमालेचा केला, वर शोधायची चौकट दिली, आणि एकदा निवडलेला भाग ॲप कधीच विसरणार नाही असं केलं. शोधातही एक मराठी खोच निघाली: ‘ऱ्य’ किंवा ‘ऱ्ह’ दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप होतो, दिसतो सारखा, संगणकाला मात्र तो वेगळा वाटतो. ‘गोऱ्हे’ शोधलं तर ‘गोऱ्हे’ सापडत नव्हतं. दोन्ही रूपं शोधण्याआधी एकसारखी करून घ्यावी लागली.

डोळे मिटून मीच तपासलं तर पुरेसं नाही का?

त्याने पुष्कळ कळतं, रोज करा. पण तुमच्या मनात पडद्याचं चित्र आधीच असतं. तुम्हाला माहीत असतं की बटण खाली आहे. त्यांना नसतं.

कायदा काय सांगतो? सरावाच्या ॲपलाही लागू होतो का?

माझ्या तीन पडद्यांच्या ॲपच्या मागे कुणी लागणार नाही. पण ज्या कामासाठी तुम्ही शिकता आहात तिथे तो लागतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये माहिती आणि तंत्रज्ञान सुगम्य, म्हणजे ॲक्सेसिबल, असण्याची तरतूद आहे. त्यासाठीचं भारतीय मानक आयएस १७८०२ आहे. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलं. ते प्रकरण ई-केवायसीचं, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवण्याचं होतं. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या व्यक्तींना ‘कॅमेऱ्यासमोर पापणी लववा’ ही अट पूर्ण करता येत नव्हती. पडदा बनवणाऱ्याने प्रत्येकाला पापणी लववता येते असं धरलं, आणि माणसं बँकेच्या दाराबाहेर राहिली. पुण्यात युरोपच्या ग्राहकांसाठी काम करणाऱ्यांना २८ जून २०२५ पासून लागू झालेला युरोपीय सुगम्यता कायदाही माहीत हवा.

ॲप प्ले स्टोअरवर टाकणं गरजेचं आहे का?

शिकण्यासाठी नाही. खातं उघडायला एकदाच २५ डॉलर लागतात, ॲपलकडे दरवर्षी ९९. मी पहिले सहा महिने फाइल थेट ओळखीच्या बारा-पंधरा फोनवर बसवली.

नोकरीच्या मुलाखतीत हा प्रकल्प कसा दाखवू?

चकचकीत पडद्यांची चित्रं कमी दाखवा. मी एका मुलाखतीत फोनवर टॉकबॅक चालू केला, पडदा झाकला आणि पहिली आवृत्ती ऐकवली, मग नवी ऐकवली. त्यानंतर काकांचा किस्सा सांगितला. पुढचा अर्धा तास आम्ही फक्त ‘नाही’ या शब्दाबद्दल बोललो. बदलांची वही ठेवा: तारीख, कोण अडलं, कशामुळे, काय बदललं. माझ्या वहीत अशा ४३ नोंदी आहेत आणि ॲपपेक्षा तीच जास्त वाचली जाते.

एकूण किती वेळ लागला?

ॲप तीन आठवड्यांत चालू झालं. नीट व्हायला सात महिने लागले, नोकरी सांभाळून, बहुतेक रविवारी.

अजून काय राहिलं आहे?

बरंच. ब्रेल डिस्प्लेवर, म्हणजे मजकूर ठिपक्यांत उमटवणाऱ्या यंत्रावर, मी ते एकदाही तपासलेलं नाही. एका हाताने, पडद्याऐवजी बाहेरच्या बटणाने (स्विचने) चालवून फक्त मुख्य पडदा पाहिला आहे. सध्या काम चालू आहे ते काकांच्या मागणीवर. त्यांना ॲप उघडायचंच नाही, फोन हातात घेतल्यावर होम स्क्रीनवरच ‘पाणी आहे’ किंवा ‘पाणी नाही’ ऐकू यायला हवं. त्यासाठी विजेट, म्हणजे होम स्क्रीनवरची छोटी चौकट, बनवलं आहे, पण मध्यरात्री तारीख बदलली की ते कधी कधी आदल्या दिवसाचंच बोलतं. ते सुधारल्याशिवाय काकांच्या फोनवर घालणार नाही.